पक्षाच्या कचेरीपासून चहाच्या पोऱ्यापर्यंत

परदेशी पंडित आपल्या देशावर पुस्तक लिहितो, तेव्हा आपली दोन प्रकारची प्रतिक्रिया ठरलेली असते. त्याने आपली स्तुती केली असेल, तर ‘बघा, साहेबसुद्धा मान्य करतो’ म्हणून आपण सुखावतो. आणि दोष दाखवला असेल, तर ‘याला आमच्या देशाचे काय कळते?’ म्हणून पुस्तक मिटून ठेवतो. मायरन वीनर या अमेरिकन राज्यशास्त्रज्ञाच्या वाट्याला या दोन्ही गोष्टी आल्या. चाळीसएक वर्षे त्याने भारताचा अभ्यास केला. पहिली तीस वर्षे तो आपले पक्ष, निवडणुका आणि पुढारी यांच्याविषयी लिहीत होता, तोवर आपण त्याचे कौतुक केले. मग एके दिवशी त्याने आपला रोख तुमच्या-आमच्या बैठकीच्या खोलीकडे वळवला, आणि तेथे मात्र थोडी कुजबूज झाली.

मी अनेक वर्षे कॉलेजात राज्यशास्त्र शिकवले. वीनरची पुस्तके आमच्या अभ्यासक्रमात असत. परंतु एक माणूस नवस्वतंत्र देशांचा अभ्यास करावयास निघतो आणि अखेरीस चहाच्या हॉटेलातल्या पोऱ्यापाशी येऊन थांबतो, हा प्रवास मला त्याच्या कोणत्याही एका सिद्धान्तापेक्षा अधिक मोलाचा वाटत आला आहे. या दिवाळीत तो आपल्यापुढे मांडावा असे मनात आले.

नवे देश, नवे शास्त्र

वीनरचा जन्म १९३१ सालचा, न्यूयॉर्कचा. पदवी त्याने तेथल्याच सिटी कॉलेजातून घेतली. हे कॉलेज त्या काळी विद्यार्थ्यांकडून फी घेत नसे आणि स्थलांतरित, कष्टकरी कुटुंबांतील हुशार मुले तेथे गर्दी करीत. तेथून तो प्रिन्स्टनला गेला आणि १९५५ मध्ये डॉक्टर झाला.

तो काळच मोठा नवलाचा होता. दुसरे महायुद्ध संपून दहा वर्षे होतात न होतात, तोच आशिया-आफ्रिकेत एकामागून एक देश स्वतंत्र होत होते. पाश्चात्त्य विद्यापीठांतील राज्यशास्त्र मात्र इंग्लंड, फ्रान्स, जर्मनी आणि अमेरिका या चार देशांच्या घटनांपलीकडे फारसे पाहत नव्हते. नव्या देशांचे काय करावयाचे? तेथे घटना कागदावर एक असते आणि कारभार वेगळ्याच वाटेने चालतो. तेव्हा घटनेची कलमे वाचून भागणार नाही, प्रत्यक्ष गावात जाऊन माणसांना विचारले पाहिजे, असे म्हणणारी तरुण अभ्यासकांची एक पिढी पुढे आली. १९६० साली गॅब्रिएल आल्मंड आणि जेम्स कोलमन यांनी विकसनशील प्रदेशांच्या राजकारणावर एक जाडजूड ग्रंथ संपादित केला. त्यातील दक्षिण आशियावरचे प्रकरण लिहिले वीनरने. त्या वेळी तो तिशीचाही नव्हता. पुढल्याच वर्षी तो मॅसॅच्युसेट्समधील एम. आय. टी. या संस्थेत गेला आणि अखेरपर्यंत तेथेच राहिला.

त्याचे पहिले पुस्तक १९५७ मध्ये आले. त्याचा विषय होता भारतातील विरोधी पक्ष. समाजवादी आणि किसान मजदूर प्रजा पक्ष १९५२ मध्ये एक का झाले, हिंदू महासभा आणि जनसंघ यांचे जुळता जुळता का फिसकटले, असले प्रश्न त्यात होते. आपल्या वर्तमानपत्रांनी दोन दिवस चघळून टाकून दिलेल्या बातम्या या तरुणाने जमा केल्या आणि त्यांतून पक्ष कसा फुटतो व कसा जुळतो याचे शास्त्र शोधले. १९६२ मध्ये त्याने कामगार संघटना, व्यापारी मंडळे, शेतकऱ्यांच्या आणि जातीच्या संघटना यांच्यावर दुसरे पुस्तक लिहिले. मोर्चे आणि मागण्या म्हणजे लोकशाहीला झालेला ताप, असे आपले तेव्हाचे राज्यकर्ते मानीत. वीनरचे म्हणणे याच्या बरोबर उलट होते. ज्या देशात सगळ्याच गोष्टींची टंचाई आहे, तेथे लोक मागणारच. सरकारने त्यांच्याशी बोलणी करावयास शिकले पाहिजे.

बेळगावात एक अमेरिकन

त्यानंतरचे काम तर खास आपल्या घरालगतचे. काँग्रेस हा पक्ष एवढा टिकला कसा, हे पाहण्यासाठी त्याने पाच ठिकाणे निवडली : खेडा, गुंटूर, मदुराई, कलकत्ता आणि बेळगाव. ज्या बेळगावकडे आपण मराठी माणसे नेहमी सीमाप्रश्नाच्या डोळ्यांनी पाहतो, त्या बेळगावात हा परका मनुष्य काँग्रेसचा कार्यकर्ता दिवसभर करतो तरी काय, याची चौकशी करीत होता.

त्याला जे आढळले, ते आपल्याला आज नवे वाटणार नाही. पण तेव्हा कोणी ते शास्त्र म्हणून मांडले नव्हते. कार्यकर्ता तत्त्वज्ञान सांगत नव्हता. तो कोणाची तगाई मंजूर करून देत होता, कोणाच्या मुलाला शाळेत प्रवेश मिळवून देत होता, भाऊबंदकीचा तंटा ओट्यावर बसून मिटवीत होता. मामलेदाराच्या कचेरीत ज्याला आत जाण्याचे धैर्य होत नाही, त्याच्या वतीने तो आत जात होता. गावातील पाटील किंवा पंच पूर्वी जे करीत असत, तेच काम पक्षाने नव्या पद्धतीने उचलले होते. पक्षाने समाज बदलला तसा समाजानेही पक्षाला आपल्यासारखे करून घेतले, आणि म्हणूनच तो रुजला, असा वीनरचा निष्कर्ष होता. पुस्तक बाहेर आले १९६७ मध्ये, आणि त्याच वर्षीच्या निवडणुकांत काँग्रेसने आठ राज्यांत बहुमत गमावले! राज्यशास्त्रज्ञाच्या नशिबी असल्या गमती असतात. परंतु त्याने वर्णन केलेला ‘काम करून देणारा माणूस’ आजही प्रत्येक पक्षात आहे. तेव्हा पुस्तक खोटे ठरले असे म्हणता येत नाही.

१९७८ साली त्याने भूमिपुत्रांच्या चळवळींवर लिहिले. आसाम, छोटा नागपूर आणि तेलंगण हे त्याचे प्रदेश होते. बाहेरचे लोक येतात म्हणून दंगा होतो, एवढ्यावर तो थांबला नाही. बाहेरचे लोक तर हमालीलाही येतात. मग तेथे चळवळ का उठत नाही? त्याचे उत्तर असे की, स्थानिक समाजात नव्याने शिकलेली मुले तयार होतात, आणि ज्या कचेरीतील खुर्चीवर त्यांची नजर असते तीवर बाहेरचा माणूस आधीच बसलेला असतो, तेव्हा ठिणगी पडते. मुंबईतील शिवसेनेचा याच दृष्टीने अभ्यास मेरी कॅट्झेनस्टाइन या विदुषीने केला, आणि पुढे १९८१ मध्ये दोघांनी मिळून नोकऱ्यांतील प्राधान्याच्या धोरणावर पुस्तक लिहिले. मध्यमवर्ग हा शब्द वीनरच्या लेखनात येथून ठळक होऊ लागतो. तो आता पक्षाच्या कचेरीतून निघून आपल्या आळीत शिरला होता म्हणा ना!

गरिबी हे कारण की सबब?

आणि मग १९९१ साली त्याचे ते पुस्तक आले. विषय होता मूल आणि राज्यसंस्था. आपल्या घटनेच्या ४५व्या कलमाने सांगितले होते की, दहा वर्षांच्या आत, म्हणजे १९६० पर्यंत, चौदा वर्षांखालील सर्व मुलांना मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचा प्रयत्न राज्याने करावा. मुदत टळून तीस वर्षे झाली होती. वीनरने हिशेब दिला की, सहा ते चौदा वर्षांची ८ कोटी २२ लाख मुले शाळेत नाहीत. ती गुरे राखतात, धाकटी भावंडे सांभाळतात, सरपण आणतात, काड्यापेटीच्या कारखान्यात काड्या भरतात, हॉटेलात कपबशा विसळतात.

असे का, हा प्रश्न कोणालाही विचारा, उत्तर एकच येते : गरिबी. वीनरने हे उत्तर बाजूला सारले नाही, पण ते तपासून मात्र पाहिले. त्याने इतिहासात डोकावून विचारले की, ज्या देशांनी शाळा सक्तीची केली, ते त्या वेळी श्रीमंत होते काय? प्रशियाने तसा हुकूम काढला १७६३ मध्ये, ऑस्ट्रियाने १७७४ मध्ये. तेव्हा त्या देशांतील बहुसंख्य लोक शेतावर राबणारे होते. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्सने १८५२ मध्ये सक्तीचा कायदा केला. जपानने १८७२ मध्ये, म्हणजे यंत्रयुग नुकते दाराशी आले असताना, गावोगाव शाळा काढण्याचे फर्मान सोडले. आपल्या शेजारची श्रीलंका किंवा आपल्याच देशातील केरळ घ्या. केरळ काही श्रीमंत प्रांत नव्हता; तरी १९९१ च्या जनगणनेत संपूर्ण देशाचे साक्षरतेचे प्रमाण ५२ टक्के असताना केरळचे जवळजवळ ९० टक्के होते.

मग अडले कोठे? हे शोधण्यासाठी वीनर सरकारी अधिकारी, शिक्षक, कामगार पुढारी, समाजसेवक यांना भेटला आणि त्यांची मते त्याने टिपून घेतली. मते निरनिराळ्या तोंडची, पण सूर एक. कोणी म्हणाले, कारागिराच्या मुलाने लहानपणीच हात बसवला पाहिजे. कोणी म्हणाले, चार इयत्ता शिकून ही मुले ना शेतीची राहतील ना नोकरीची. गरीब आईबापांची कमाई बुडवण्याचा आपल्याला काय अधिकार, असेही कोणी म्हणाले. यांत डावेही होते आणि उजवेही. आणि हे सगळे आपापल्या मुलांना मात्र उत्तम शाळेत घालीत होते.

वीनरने काढलेला निष्कर्ष कडू आहे. देशाच्या गरिबीपेक्षाही अधिक आड येते ती राज्य चालविणाऱ्यांची आणि शिकलेल्या मध्यमवर्गाची एक खोल समजूत. काही माणसे डोक्याने काम करण्यासाठी जन्मतात आणि काही हाताने, ही ती समजूत. शिक्षणाने सर्वांना एका पंक्तीस बसवावयाचे नसून ज्याची पंगत त्याला दाखवावयाची, असे आपण मनातल्या मनात धरून चालतो. ती समजूत जातीच्या विचाराशी किती जवळची आहे, हे सांगावयास नकोच.

या पुस्तकात आणखी एक अत्यंत व्यवहारी मुद्दा आहे, आणि मला तो फार आवडतो. कारखान्यातील बालमजूर शोधणे महाकठीण. निरीक्षक येतो असे कळताच मुले मागच्या दाराने पसार होतात, आणि घराघरांतील बिड्या वळणारे चिमुकले हात कोण मोजणार? शाळेचे तसे नाही. तेथे हजेरीपट असतो. आज कोण आले नाही, हे गावच्या मास्तराला सकाळी अकरा वाजताच कळते. म्हणून मूल कामावर आहे की नाही हे शोधण्यापेक्षा ते शाळेत आहे की नाही हे पाहणे शतपटीने सोपे. इंग्लंडमध्येही नुसत्या कारखाना-कायद्यांनी जे पुरते साधले नाही, ते शाळेच्या सक्तीने साधत गेले. बालमजुरी बंद करून मग शाळा भरवावयाची नसते. शाळा भरली की मजुरी आटते.

हे आपल्याला कोणी सांगितले नव्हते काय?

येथे मराठी वाचकाने क्षणभर थांबावे. कारण वीनरने १९९१ मध्ये जे म्हटले, त्याचा गाभा पुण्यातील एका गृहस्थाने १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे मांडला होता. जोतीराव फुले यांनी त्या निवेदनात सांगितले की, सरकारचा महसूल भरतात कष्टकरी, आणि शिक्षणाचा पैसा मात्र वरच्या वर्गांवर खर्च होतो. निदान बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, ही मागणीही त्यांनी तेथेच केली. महाराजा सयाजीराव गायकवाडांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात सक्ती करून पाहिली आणि १९०६ मध्ये ती साऱ्या बडोदे संस्थानाला लागू केली. शाहू छत्रपतींनी १९१७ मध्ये कोल्हापुरात तेच केले. मुलाला शाळेत न धाडणाऱ्या आईबापांस दंडही ठेवला.

आणि गोपाळ कृष्ण गोखले! त्यांनी १९११ च्या मार्चमध्ये कलकत्त्याच्या कायदे मंडळात सक्तीच्या शिक्षणाचे बिल आणले. मागणी किती नेमस्त! सहा ते दहा वर्षांचे मुलगे, आणि तेही जेथील स्थानिक संस्था तयार असेल तेथेच. पुढल्या वर्षी, १९ मार्च १९१२ रोजी, ते बिल १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले. विरोध करणाऱ्यांत केवळ गोरे अधिकारी नव्हते. आपलीही काही बडी माणसे होती. वीनर ज्या समजुतीविषयी बोलतो, तिला त्या दिवशी मतदानाचा आकडा मिळाला, इतकेच.

‘त्याची गोष्ट वेगळी’

हे पुस्तक मी पहिल्यांदा वाचले, त्या दिवसांत आमच्या इमारतीत धुण्याभांड्याला येणाऱ्या बाईंबरोबर त्यांची दहा-अकरा वर्षांची मुलगीही येत असे. आई धुणे धुई आणि मुलगी भांडी घाशी. एकदा जिन्यात शेजारच्या काकूंकडे मी सहज विषय काढला.

“काकू, ही पोर शाळेत नाही जात?”

“अहो सर, शाळेत जाऊन ती काय दिवे लावणार आहे? त्यापेक्षा आईच्या हाताखाली चार कामं शिकली तर पुढे उपयोगी पडतील.”

“आणि तुमचा नातू? तोही हिच्याच वयाचा ना?”

“त्याची गोष्ट वेगळी,” काकू हसून म्हणाल्या.

काकू मोठ्या प्रेमळ. त्या मुलीला त्या सणावारी नवे परकर-पोलके शिवून देत, ताप आला तर औषध देत. त्यांच्या बोलण्यात दुष्टपणाचा लवलेश नव्हता. पण वीनरचे सारे पुस्तक त्या ‘वेगळी’ या एका शब्दात मावते.

मात्र गोष्ट एवढ्यावर संपत नाही. दुसऱ्या दिवशी मी मुलीच्या आईलाच विचारले. ती पदराने हात पुसत म्हणाली, “धाडायची हाय हो सर, लई वाटतं. पन धाकट्याला घरी बघनार कोन? आन् शाळंत मास्तर तरी रोज कुठं येतो?”

वीनरच्या टीकाकारांनी नेमके येथेच बोट ठेवले. १९९९ मध्ये ‘प्रोब’ नावाने प्रसिद्ध झालेला प्राथमिक शिक्षणाचा अहवाल तयार करणारे लोक उत्तर भारतातील खेड्यांत फिरले. त्यांना आढळले की, गरीब आईबापांना शिक्षण नको असते ही एक दंतकथा आहे. त्यांना शाळा हवी आहे. पण शाळेला छप्पर नाही, एका मास्तरावर पाच वर्ग आहेत, आणि कित्येकदा तोही जागेवर नसतो. तेव्हा नुसत्या सक्तीने काय होणार? हा आक्षेप रास्त आहे. पण त्याने वीनर खोडला जात नाही, उलट पुरा होतो, असे मला वाटते. ज्या शाळेत आपली मुले जात नाहीत, तिच्या छपराची काळजी आपण करीत नाही. आणि सरकार आपले ऐकते, त्यांचे नाही!

आमच्या बाईंपुरते सांगायचे, तर पुढे त्यांच्या वस्तीत बालवाडी निघाली, धाकट्याची सोय झाली, आणि मुलगी महापालिकेच्या शाळेत बसू लागली. आंध्रात, रंगारेड्डी जिल्ह्यात, शांता सिन्हा यांच्या एम. व्ही. फाउंडेशनने हेच काम मोठ्या प्रमाणावर केले. जे मूल शाळेत नाही ते मजूरच, असे त्यांनी धरले आणि गावाला बरोबर घेऊन हजारो मुले कामावरून वर्गात आणली. २००३ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

पुढे काय झाले?

वीनर १९९९ च्या जूनमध्ये वारला. पुढचे त्याला पाहता आले नाही. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारी शाळांत शिजवलेले दुपारचे जेवण देण्याचा आदेश दिला. २००२ च्या घटनादुरुस्तीने शिक्षण हा मूलभूत हक्क झाला. १० ऑक्टोबर २००६ पासून घरकामाला आणि हॉटेलात चौदा वर्षांखालील मूल ठेवणे गुन्हा ठरले. १ एप्रिल २०१० पासून शिक्षणहक्क कायदा अमलात आला. २०२२ च्या ‘असर’ पाहणीत ग्रामीण भारतातील सहा ते चौदा वयाच्या ९८ टक्क्यांहून अधिक मुलांची नावे शाळेच्या पटावर होती. आठ कोटींचा तो आकडा ज्याने वाचला आहे, त्याला ही दिवाळीच वाटावी.

पण त्याच पाहणीत पाचवीतील मुलांपैकी दुसरीचा उतारा वाचू शकणारी निघाली ४२.८ टक्के. नाव पटावर आले, अक्षर अजून पुरते आलेले नाही. आणि शिक्षणहक्क कायद्याने खासगी शाळांतील २५ टक्के जागा दुर्बल घटकांना दिल्या, तेव्हा आपल्या दिवाणखान्यांत काय बोलले गेले, ते आपण सर्वांनी ऐकले आहे. ‘आमच्या मुलांच्या बोलण्यावर परिणाम होईल’, ‘ती मुले बुजतील बिचारी’. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने नियम बदलून, जवळ सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी विनाअनुदानित शाळेला या जागांतून सूट दिली. जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती सूट रद्द केली. ‘त्याची गोष्ट वेगळी’ हे वाक्य मेलेले नाही. ते नवे कपडे घालून येते.

विकसनशील देशांचा अभ्यासक म्हणजे जकार्ता-दिल्लीतील मंत्र्यांच्या मुलाखती घेणारा, विमानातून उतरणारा आणि अहवाल लिहून परत जाणारा मनुष्य, अशी आपली कल्पना असते. तसे पुष्कळ असतातही. वीनरचे आयुष्य पाहिले की वेगळे काही दिसते. त्याने आधी विचारले, पक्ष कसे चालतात. मग, लोक भांडतात कशासाठी. आणि शेवटी, जे भांडू शकत नाहीत त्यांच्या वतीने कोणीच का भांडत नाही? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे ग्रंथालयात आहेत. तिसऱ्याचे उत्तर ज्याने त्याने आपल्या घरी शोधावयाचे आहे. फराळाची ताटे शेजारीपाजारी पोचवताना, आपल्या दारी कामाला येणाऱ्या माणसाचे मूल कितवीत आहे आणि त्याला वाचता येते का, एवढे यंदा विचारून पाहावे. उत्तर ऐकावयास दोन मिनिटे लागतात. त्यानंतर काय करावयाचे, ते बहुधा ऐकतानाच सुचते.